फाइल दाखवू नकोस, बाटली भर

तुझी फाइल पाहिली. जाडजूड आहे. रिपोर्ट तारखेवार लावलेत, साखरेच्या प्रत्येक आकड्याभोवती लाल पेनानं गोल केलाय. मास्तर शोभतोस. उपाशीपोटीची साखर आहे, जेवणानंतरची आहे, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी आहे. शुगर निघून आठ वर्षं झाली. आता एवढंच सांग, या आठ वर्षांत लघवीतलं अल्ब्युमिन एकदा तरी नीट मोजून घेतलंस?

'युरिन रुटीन केलंय ना सर. अल्ब्युमिन निल आलंय.'

हे उत्तर कुणा न शिकलेल्यानं दिलं असतं तर मी जवळ बसवून समजावलं असतं. तू दिलंस म्हणून कान पिळतोय. वर्गात उत्सर्जन संस्था तूच शिकवतोस ना? फळ्यावर नेफ्रॉन काढतोस, बाण दाखवतोस, पोरांकडून घोकून घेतोस की दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच बाहेर टाकतात, बाकीचा परत रक्तात. अल्ब्युमिनसारखं मोठं प्रथिन त्या गाळणीतून सहसा सुटत नाही, हेही सांगतोस. मग गाळणी खराब व्हायला लागली तर आधी कुठं कळेल? रक्तात की लघवीत? पोरांना विचारतोस तसं स्वतःला विचार. छडी हातात घेऊन विचार.

'निल' म्हणजे शून्य नव्हे. त्या रंग बदलणाऱ्या साध्या पट्टीला दिसलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. ती पट्टी खात्रीनं बोलायला लागते ती गळती दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या घरात गेल्यावर. धोक्याची सुरुवात होते ३० ला. मधल्या सगळ्या टप्प्यात ती बहुतेक वेळा मुकी. आणि नेमकं त्याच टप्प्यात काही करता येतं. त्यासाठी वेगळी तपासणी असते, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. लॅबवाले एसीआर म्हणतात. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती मिलिग्रॅम अल्ब्युमिन, एवढंच ती सांगते. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, ३०० च्या वर म्हणजे बरीच झाली. क्रिएटिनिननं भागायचं कशाला? तू तांब्याभर पाणी जास्त प्यालास तर लघवी पातळ होते, कमी प्यालास तर दाट. भागाकार केला की तो फरक निघून जातो. गुणोत्तर आहे रे. सहावीचं गणित.

'पण सर, रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे.' ही तुझी दुसरी ढाल. दाखव ढाल. सुरुवातीला ०.९. मधे कधीतरी १.१. यंदा १.३. तिन्हींपुढं लॅबनं चांदणी छापली नाही, कारण तिथं छापलेली मर्यादाच १.३ आहे. तू आकडा वाचतच नाहीस, चांदणी शोधतोस. चांदणी नाही म्हणजे पास! एखाद्या पोराचे गुण शंभरावरून सहासष्टावर घसरले तर तू त्याच्या बापाला शाळेत बोलावतोस, आणि 'पास तर झालाय ना' म्हणणाऱ्या बापाला चार शब्द सुनावतोस. तुझ्या किडनीचं तेच झालंय. २०२१ चं सीकेडी-ईपीआय सूत्र घे, पुरुष, वय ५२. क्रिएटिनिन ०.९ असेल तर किडनीचं काम दाखवणारा ईजीएफआर शंभराच्या वर येतो. १.३ ला येतो ६६. गणित चांगलं होतं तुझं, करून बघ. तिसरा हिस्सा गेला आणि कागदावर एक चांदणी नाही. मान्य, एका आकड्यावरून निकाल लावू नये. मटण खाल्लं, पाणी कमी प्यालं, अंगमेहनत झाली तरी क्रिएटिनिन थोडं हलतं. पण तीन आकडे एकाच दिशेला चाललेत, हे लाल पेनवाल्याला दिसू नये?

दिसलं असेलच. बघायचं नव्हतं.

लघवीच्या या तपासणीत नवीन काही नाही, हे जास्त लागतं मला. लघवीतलं अगदी थोडं अल्ब्युमिन मोजायची पद्धत हॅरी कीन आणि क्लुव्हेराकिस यांनी १९६३ मध्येच काढली. १९६६-६७ साली इन्शुलिनवर असलेल्या काही मधुमेहींची लघवी मोजून ठेवली होती. १४ वर्षांनी व्हिबर्टी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांतले ६३ जण पुन्हा तपासले. सुरुवातीला ज्यांची गळती कमी होती अशा ५५ जणांपैकी दोघांनाच पुढं उघड प्रथिन जायला लागलं. ज्यांची गळती किंचित जास्त होती असे आठच जण होते. त्यांतल्या सातांना लागलं. आठातले सात! हे १९८२ साली छापून आलं. दोन वर्षांनी डेन्मार्कच्या मॉगेन्सेननं साधारण तुझ्यासारख्यांवर, म्हणजे पंचेचाळिशीनंतर शुगर निघालेल्यांवर तेच दाखवलं. सकाळच्या लघवीत जरासं अल्ब्युमिन सापडलेले ७६ जण त्यानं नऊ वर्षांनी पाहिले. त्यांच्यात पुढं प्रथिन जाण्याचं प्रमाणही जास्त आणि मरणाचंही. साल १९८४. तेव्हा तू पाचवीत होतास. तुझे केस पिकले, तू स्वतः मास्तर झालास, आणि ही तपासणी अजून तुझ्या फाइलीत यायची आहे.

आता तिसरी ढाल. ही तू फार ऐटीत काढलीस. 'सर, अल्ब्युमिन आता जुनं झालं. नवीन मार्कर येतायत. किम-वन, एनगॅल, पेप्टाइडांची टेस्ट. ती आली की एकदमच करतो.' मोबाइलवर वाचलंस. वाचलंस ते खोटं नाही, अर्धवट आहे, आणि अर्धवट वाचणाऱ्याला मी नेहमी बाकावर उभा केलाय. आता उभा राहा आणि ऐक.

अल्ब्युमिन सर्वगुणसंपन्न नाही, हे खरं. काहींची गळती औषधानं, कधी तशीच, मागं फिरते. काहींच्या लघवीत अल्ब्युमिन सापडत नाही आणि तरी किडनी खाली येत राहते. म्हणून तर डॉक्टर एसीआर आणि ईजीएफआर दोन्ही मागतात. म्हणूनच शास्त्रज्ञ आणखी आधी बोलणाऱ्या खुणा शोधतायत. किम-वन आणि एनगॅल ही गाळणीच्या पुढच्या नळ्यांना इजा झाली की लघवीत वाढणारी प्रथिनं. एल-एफएबीपी नावाचं तसंच एक प्रथिन मोजायला जपाननं २०११ पासून विम्यात जागा दिली. हे सगळं काम मोलाचं आहे. पण ते लोक तुझ्या आळसाची सोय करायला प्रयोगशाळेत बसलेले नाहीत.

आणि पेप्टाइडांच्या ज्या टेस्टची तू वाट बघतोस, तिचं पुढचं पान वाचलंस का? युरोपात 'प्रायॉरिटी' नावाची चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. टाइप २ मधुमेहाचे १,७७५ लोक, सगळ्यांचं अल्ब्युमिन नॉर्मल. लघवीतल्या २७३ पेप्टाइडांचा, म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांचा, मेळ लावून त्यांतले २१६ जण जास्त धोक्याचे ठरवले. अंदाज बरोबर निघाला. त्या गटातल्या २८ टक्के लोकांची अल्ब्युमिनची गळती पुढं सुरू झाली, बाकीच्यांत ९ टक्क्यांची. मग धोक्याच्या गटातल्या निम्म्यांना स्पायरोनोलॅक्टोन देऊन पाहिलं. गळती थांबते असं सिद्ध झालं नाही. म्हणजे धोका आधी कळला, पण कळून त्यावर द्यायचा उतारा त्या चाचणीत हाती लागला नाही. आणि एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली. अंदाज खरा ठरला की खोटा, हे त्यांनी कशावरून ठरवलं? लघवीतल्या अल्ब्युमिनवरून! ज्या तपासणीला तू जुनी म्हणून नाक मुरडतोस, तिच्याच मापानं ती नवी तपासणी मोजली गेली.

उलट अल्ब्युमिन सापडलं तर काय करायचं, ते माहीत आहे. २००१ मध्ये लोसार्टनची मोठी चाचणी छापून आली. लघवीतून प्रथिन जाणारे १,५१३ मधुमेही होते. गोळीवाल्यांत किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी निघाला. रक्तदाबाची साधी गोळी, कुठल्याही मेडिकलवर मिळणारी. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनची चाचणी आली, ४,४०१ लोकांवर. किडनी निकामी होणं, क्रिएटिनिन दुप्पट होणं आणि किडनी किंवा हृदयानं मरण येणं, हा सगळा धोका मिळून ३० टक्क्यांनी उतरला. त्याच जातीच्या डॅपाग्लिफ्लोझिनच्या देशी गोळ्या २०२० च्या अखेरीपासून मिळायला लागल्या. मार्च २०२५ मध्ये त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपलं आणि तिचे भाव धाडकन खाली आले. यातली कुठली गोळी तुला चालेल, हे डॉक्टर ठरवतील, मी नाही आणि तू तर नाहीसच. पण ठरवायला त्यांच्यापुढं एसीआरचा आकडा नको? तो तू देत नाहीस आणि वर म्हणतोस, डॉक्टरांनी सांगितलं नाही. तू विचारलंस? शुगरचा रिपोर्ट पुढं सरकवतोस, 'कंट्रोलमध्ये आहे ना?' म्हणतोस, आणि बाहेर रांग आहे म्हणून लगबगीनं उठतोस. टाइप २ असेल तर शुगर निघाली त्याच वर्षी ही तपासणी करायची आणि मग दरवर्षी. हे तुला माहीत नव्हतं असं म्हणून बघ माझ्या तोंडावर.

बाकीच्या सबबी मी एका दमात उडवतो, त्यांची तेवढीच लायकी आहे.

त्रास काही नाही म्हणतोस. पायावर सूज, तोंडाला चव नाही, लघवीला फेस, हे सगळं उशिरा येतं. तोवर तू थांबणार? तहान लागल्यावर विहीर खणायला निघालास.

मी बारीक आहे म्हणतोस. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'नं छापला होता. दोघांचं उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्या माणसाचं बारीकपण कसं फसवं असतं, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर दाखवलं. तू आरशापुढं पोट आत ओढून उभा राहतोस.

पैसे नाहीत म्हणू नकोस. काही शे रुपयांची तपासणी आहे, आणि तुझ्या खिशातला मोबाइल मी पाहिलाय. वेळ नाही म्हणू नकोस. वेतनाच्या फरकासाठी हिंगोलीला जिल्हा परिषदेत खेटे घालतोस, बस्त्याला नांदेड गाठतोस. कळमनुरीत, गावातच, उपजिल्हा रुग्णालय आहे. हिंगोलीला जिल्हा रुग्णालय आहे, आणि ९ ऑक्टोबर २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही. कळमनुरीत काही मिळत नाही, हे रडगाणं आता जुनं झालं.

हळदीचं पाणी पितोस म्हणे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. मानांकन हळदीला मिळालंय, तुझ्या वैद्यकीला नाही. भाजीत चिमूटभर घाल, कुणाची ना नाही. पण चमचे भरभरून रोज पोटात ढकलशील तर हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं आणि हळदीच्या अशा अतिरेकानं किडनीला इजा झाल्याचे रुग्ण वैद्यकात नोंदलेले आहेत.

आता ज्याचा खरा राग आहे तिकडं येतो. 'गोळ्यांनीच किडन्या जातात' हे तुझं वाक्य. हे तू फक्त स्वतःशी म्हणालास तर एकवेळ सोडून दिलं असतं. तू स्टाफरूममध्ये म्हणतोस. शास्त्राचा मास्तर म्हणतो म्हणून मराठीचा ऐकतो, शिपाई ऐकतो, आणि घरी जाऊन मेटफॉर्मिन बंद करतो. कळतंय का काय करतोयस? मेटफॉर्मिननं किडनी सडत नाही. किडनी आधीच खाली आलेली असेल तर तिचा डोस कमी करतात, ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर बंद करतात. लोकांनी उलटं पाहिलं, गोळी बंद झाली म्हणजे गोळीनंच केलं असणार! किडनी जाते ती वाढलेल्या साखरेनं आणि वाढलेल्या रक्तदाबानं. रक्तदाबाची गोळी तर तू 'आकडा नॉर्मल आला' म्हणून सोडलीस. अरे, तो गोळीमुळं नॉर्मल आला होता.

आणि ज्या गोळीला खरंच भ्यायचं, ती तू शेंगदाण्यासारखी खातोस. गुडघा दुखला, डायक्लोफिनॅक. निवडणुकीच्या ड्यूटीवर पाठ धरली, मेडिकलवरून पुडीत बांधून आणलेल्या दोन गोळ्या, कसल्या ते विचारलंही नाहीस. मधुमेह्याच्या थकलेल्या किडनीला अशा वेदनाशामक गोळ्यांचा मारा फार महागात पडतो. कुणीतरी दिलेली भस्मं आणि काढे, त्यांत काय आहे ते छापलेलं नसतं. ती चालतात तुला. डॉक्टरनं लिहून दिलेली गोळी मात्र वाईट. असा कसा रे तुझा न्याय?

डायलिसिस फुकट होतं, असंही तू म्हणालास. होतं. महात्मा फुले योजनेत आहे, २०१६ पासून केंद्राचा कार्यक्रम आहे, आणि त्यानं अनेकांचे जीव वाचलेत. पण त्या खाटेवर पडून येतो त्याला विचार फुकट म्हणजे काय. बहुतेकांना आठवड्यातून तीनदा जावं लागतं, प्रत्येक वेळी चार-चार तास. हाताच्या शिरेवर शस्त्रक्रिया करून केलेला फिस्टुला, त्यावर हात ठेवला तर आत रक्त थरथरतंय हे कळतं. त्याच जागी दर खेपेला दोन जाड सुया. सोबत एक माणूस, म्हणजे त्या माणसाचीही मजुरी बुडाली. आणि पाणी मोजून. वैशाखात कयाधू नदीचं पात्र उघडं पडतं, घरात कूलर गरम वारा फेकतो, आणि समोर भरलेला माठ असताना दिवसाचं पाणी पेल्यांत मोजायचं. तू तर उन्हातून आल्यावर तांब्या तोंडाला लावल्याशिवाय चप्पल काढत नाहीस. जमेल तुला?

लाज वाटते, हे तू बोलला नाहीस. पण तेच मूळ आहे, मी ओळखतो तुला. लघवीची बाटली घेऊन लॅबच्या काउंटरवर उभं राहायचं, आणि तिथं नेमका एखाद्या विद्यार्थ्याचा बाप भेटायचा. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना लघवीची लाज नव्हती. मधुमेह हे नावच त्यांनी लघवी पाहून ठेवलं, तिला मुंग्या लागतात हे त्यांनीच नोंदवलं. तू मात्र बाटली रुमालात, रुमाल पिशवीत आणि पिशवी डिकीत ठेवून शेवटी शाळेलाच निघून जाशील. भेटू दे बाप. त्यालाही शुगर असेल, त्यालाही सांग.

ऐक नीट, दुसऱ्यांदा सांगणार नाही. लॅबमधून झाकणाची बाटली आदल्या दिवशी आण. उठल्यावरची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धर. ताप असेल, लघवीला जळजळ असेल किंवा आदल्या दिवशी खूप अंगमेहनत झाली असेल तर दोन-चार दिवस पुढं ढकल, आकडा खोटा वाढतो. सूनबाईंनाही शुगर आहे म्हणालास, त्यांचीही कर; पाळीचे दिवस तेवढे सोडून. चिठ्ठीवर 'युरिन एसीआर' असं लिहून ने, नाहीतर तो पोरगा पुन्हा युरिन रुटीन करून हातात 'निल' ठेवेल आणि तू खुशीत परत येशील. त्याच दिवशी क्रिएटिनिनसाठी रक्त दे आणि ईजीएफआर छापून माग. एसीआर ३० च्या वर आला तर हातपाय गाळू नकोस आणि पळूनही जाऊ नकोस. तीन ते सहा महिन्यांत आणखी दोनदा कर. तिनांत दोनदा वर आला तर गळती खरी धरतात. मग फिजिशियनपुढं जाऊन बस, बंद केलेली रक्तदाबाची गोळी, गुडघ्याच्या गोळ्या, हळद, काढा, सगळं खरं सांग. डॉक्टरपुढं शहाणपणा करून आजवर कुणाची किडनी वाचलेली नाही. स्टाफरूममध्ये जे पसरवलंस ते तूच निस्तर. त्या शिपायाला गाठ आणि गोळी परत सुरू करायला डॉक्टरकडं घेऊन जा.

आणि 'बघतो सर' म्हणू नकोस. वर्गात 'करतो सर' म्हणणाऱ्यांच्या वह्या कोऱ्या असायच्या, तुलाही ठाऊक आहे. तारीख सांग.